पाहुण्याचा गुडघा

आईच्या शिलाई मशीनच्या खोलीत गेल्या थंडीपासून एक पाहुणा येऊन राहिला होता. उंचीने जेमतेम वीतभर, अंगाने काटकुळा, डोक्याला टक्कल, आणि आत्ताच कुणीतरी झोपेतून हलवून उठवल्यासारखा त्रासिक चेहरा. पलंगावरून उठायचं, चालत दारापर्यंत जायचं आणि दार उघडायचं, एवढंच त्याचं काम. पण तेवढ्यालाही त्याने महिनोन्महिने लावले होते. आई येताजाता त्या बंद दाराकडे बघून थोरल्या मुलीला, ताईला, विचारायची, "काय गं, पोचला का तुमचा पाहुणा? की अजून पाय खाली सोडायचा विचारच चाललाय?"

पाहुणा म्हणजे बाहुला, ताईच्या धाकट्या भावाने बनवलेला. आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, तारेवर लाकडाची हाडं, हाडांवर स्पंज आणि वरून जुन्या रुमालाचा सदरा. त्याला केसभर हलवायचं आणि फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचं आणि पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद सरतो.

धाकट्याला हे वेड कॉलेजपासून. त्याच्या डोक्यात चित्रपटांची नुसती रांग लागलेली असायची. एक होता समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या टपालवाल्याचा, एक घड्याळं पिकवणाऱ्या गावाचा, एक दोन मुंग्यांच्या भांडणाचा. प्रत्येकाची सुरुवात झोकात झाली होती. बाहुले तर असे बनायचे की बघणाऱ्याने बोट लावायला कचरावं. मग कुठेतरी मध्येच त्याला वाटायचं की टपालवाल्याची टोपीच चुकली आहे. टोपी बदलली की चेहरा जुळायचा नाही, आणि चेहरा बदलता बदलता नवी गोष्ट सुचायची. कपाटाचे तीन खण बाहुल्यांनी भरले, आणि पुरा चित्रपट एकही झाला नाही.

मुंग्यांचा चित्रपट सोडला त्या दिवशी धाकटा आडवा झाला, तो उन्हाळाभर उठलाच नाही. आधी घरच्यांना वाटलं दमलाय. मग तो आंघोळीलाही उठेना, तेव्हा डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. झोप ताळ्यावर आली, दोन घास पोटात जाऊ लागले. पण भिंतीकडे तोंड करून पडलेली त्याची पाठ ताईच्या डोळ्यांसमोरून हलायची नाही. ती पाठ पुन्हा बघायची वेळ येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

ताई धातूंच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. पुलाच्या सळया, लिफ्टचे दोर, गाड्यांच्या स्प्रिंगा, जे टेबलावर येईल ते तुटेपर्यंत ओढायचं किंवा वाकवायचं, आणि केव्हा तुटलं ते नोंदवायचं. घरात त्यावरून चेष्टा ठरलेली. "मला दोन मुलं," आई लोकांना सांगायची, "एकाचं काही पुरं होत नाही, आणि दुसरी पुरं झालेलं मोडून ठेवते."

धाकटा उठून बसायला लागला तेव्हा तिने एखादा प्रयोग आखावा तसं त्याचं काम आखलं.

"तुझ्याकडे कल्पना कमी नाहीत रे," ती म्हणाली, "जास्त आहेत."

"मग करू काय? ओतून देऊ?"

"भांडं लहान घेऊ. एक बाहुला, एक खोली, एक दिवा, एक मिनिट. आणि गोष्टीत घडणारं एकच काम."

"कोणतं?"

"ते तू ठरव. पण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे."

त्याने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "एक माणूस पलंगावरून उठतो आणि दार उघडतो."

ताईला ते पसंत पडलं. सोपं आहे, मोजता येण्यासारखं आहे, असा तिने विचार केला. त्यापलीकडे तिने काही विचार केला नाही.

मग अटी ठरल्या. दुसरा बाहुला बनवायचा नाही, कारण बाहुले बनवणं हीच त्याची पळवाट होती. रोज थोडंच काम, पण रोज. आणि सगळ्यात कडक अट म्हणजे एकदा काढलेली फ्रेम पुन्हा काढायची नाही.

"हा तुरुंग झाला, ताई."

"हो. पण एका मिनिटाचा."

फ्रेम पुन्हा काढायची नाही, याला तिच्याकडे कारणही होतं. तार वाकते तशी थकते. वरून काही दिसत नाही, पण प्रत्येक वाकणं आत जमा होत जातं आणि एके दिवशी ती तुटते. त्याच भेंडोळ्यातली तार तिने प्रयोगशाळेत नेऊन वाकवून पाहिली होती. एकही फ्रेम दुसऱ्यांदा काढली नाही तर तार मिनिटभराच्या कामाला पुरून उरेल असा तिचा हिशेब होता, तोही दुप्पट वाव ठेवून.

धाकट्याने स्वतःची एकच अट घातली. "पुरं होईपर्यंत तू बघायचं नाहीस. तुझी नजर पडली की मला चुकाच दिसायला लागतात."

"कबूल."

काम सुरू झालं आणि घर त्या एका खोलीभोवती फिरायला लागलं. खिडकीला काळा कागद लागला. जमीन हादरते म्हणून आईला कपडे धुण्याचं यंत्र दुपारी लावायला बंदी झाली. खोलीत जाणाऱ्याने काळं किंवा गडद घालायचं, कारण फिकट कपड्यावरून उडालेला उजेड बाहुल्यावर पडतो आणि पडद्यावर लखलखतो. आई एकदा पिवळी साडी नेसून चहा द्यायला गेली, तर धाकट्याने तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "स्वतःच्या घरात मला सुतक पाळायला लावलंय," ती कुरकुरली. पण दुसऱ्या दिवशी गडद निळी साडी नेसूनच आली.

आणि चमत्कार वाटावा असं ते चाललं. पाहुणा उठून बसला, त्याने पाय खाली सोडले, पलंगाचा कठडा धरून तो उभा राहिला. बदलायला काही मुभाच नव्हती, म्हणून धाकट्याचं सगळं डोकं आहे त्याच्यातच मुरत होतं. संध्याकाळी तो जेवायला यायचा तेव्हा बोटांना स्पंजाचे कण चिकटलेले असायचे आणि तो सांगायचा, "आज पाहुण्याने नुसता श्वास घेतला. पण काय घेतला!"

पाहुणा अर्ध्या खोलीत पोचला असेल, तेव्हा ताईच्या टेबलावर एक तुटका दांडा तपासायला आला. कुठल्याशा यंत्राचा, बोटाएवढा. तो मधोमध तुटला नव्हता. जिथे तो लोखंडी कड्यात शिरत होता, बरोबर त्या कडेशी तुटला होता. यात नवल काही नव्हतं. धारदार कडेशी ताण गोळा होतो आणि वस्तू तिथेच लवकर तुटते, हे ती नव्याने लागलेल्या मुलामुलींना स्वतः शिकवायची. दांडा हातात फिरवता फिरवता तिला पाहुण्याचा गुडघा आठवला.

तिने तार उघडी वाकवून पाहिली होती, गुळगुळीत गोल खुंटीभोवती. पाहुण्याच्या गुडघ्यात तार लाकडाच्या दोन हाडांमध्ये शिरते, आणि त्या हाडांच्या कडा तिने कधी डोळ्यांखालून घातल्याच नव्हत्या.

जेवणाच्या सुट्टीत तिने लाकडाचे दोन तुकडे कापले, तार बसवली आणि वाकवायला घेतली. तिच्या हिशेबाच्या निम्म्यावरही पोचायच्या आत तार तुटली. दुसरा नमुना केला, तोही तसाच. विभागप्रमुख डबा घेऊन जाताना थबकले.

"काय मॅडम, कुणाची हाडं मोडताय?"

"भावाची," ती बोलून गेली. ते हसले आणि पुढे गेले.

त्या संध्याकाळी सांगायचं असं ठरवूनच ती घरी आली. धाकटा ताटावर बसून पाहुण्याचं पाऊल कसं टाच आधी टेकवतं ते हाताच्या पंजाने दाखवत होता. आई हसत होती. त्या घरात असं हसणं फार दिवसांनी ऐकू येत होतं. ताईने स्वतःचं ताट वाढून घेतलं.

सांगितलं तर काय होईल, ते तिला दिसत होतं. तो थांबेल, गुडघा नवा बसवू म्हणेल, मग पायच नवा, मग बाहुलाच नवा. कपाटाचा चौथा खण, आणि त्यानंतर भिंतीकडे तोंड केलेली पाठ. न सांगितलं तर गुडघा त्याच्या हातात तुटेल, तेव्हाही पाठच. आधी नेमका आकडा काढू, मग सांगू, असं तिने स्वतःला बजावलं. चार दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत ती तारा वाकवत राहिली. घरी मात्र "आज किती चालला?" एवढंच विचारायची, आणि मिळालेलं उत्तर मनात टिपून ठेवायची.

चौथ्या दिवशी तिने सगळे नमुने शेजारी शेजारी मांडले. पाहुण्याचा गुडघा आजवर जितका वाकला असेल तितक्याच वाकण्यांत सहापैकी चार तुटले होते. ती उठली आणि थेट घराकडे निघाली. दारात चपला काढल्या, आईने "अगं, आज लवकर?" म्हटलेलं तिला ऐकूही आलं नाही. तिने खोलीचं दार ढकललं.

आत एकच दिवा होता. टेबलावर वाकून धाकट्याने नुकताच हात मागे घेतला होता आणि कॅमेऱ्याची कळ दाबली होती.

"ताई! कोट!"

प्रयोगशाळेचा पांढराशुभ्र कोट तिच्या अंगावर तसाच होता. दिव्याचा झोत त्यावरून उडाला आणि त्या इवल्या खोलीच्या भिंतीवर, पाहुण्याच्या गालावर जाऊन पडला. फ्रेम निघून गेली होती.

तिने कोट काढून पाठीमागे धरला. "गुडघ्याला हात लावू नकोस," ती म्हणाली. "तार तुटणार आहे. माझी चाचणी चुकली."

मग तिने सगळं सांगितलं, गोल खुंटी, लाकडाच्या कडा, तुटलेले नमुने. तो ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं ते गुडघ्याबद्दल नव्हतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"चार दिवस."

"चार दिवस. आणि रोज मला विचारत होतीस, किती चालला."

"मला वाटलं, आधी नीट आकडा..."

"गुडघ्याचा की माझा?" त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "मी तुटतो का बघत होतीस. मी नमुना आहे का गं तुझा?"

ते पूर्ण खोटं नव्हतं. त्याने संगणकाचा पडदा मिटवला. दिवा चालूच ठेवला, तिच्या अंगाला अंग न लागू देता दारातून गेला, आणि आपल्या पलंगावर आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशीही तो उठला नाही. आईने ताट नेलं आणि तसंच परत आणलं. या वेळी तिने चेष्टा केली नाही. स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हणाली, "तू चांगल्यासाठीच केलंस, मला माहीत आहे. पण अगं, हा काय लोखंडाचा आहे का?"

"लोखंडाचा असता तर मला कळलं असतं," ताई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. काळा शर्ट घातला, बारीक पक्कड, नवी तार आणि गोंद घेतला आणि पाहुण्याच्या खोलीत गेली. दिवा अजून जळत होता. पाहुणा एक पाऊल उचलून, पलंग आणि दार यांच्या मध्ये, तसाच उभा होता. गुडघा सोडवायचा, कडा घासून गोल करायच्या, तार बदलायची. तासाभराचं काम होतं, आणि हात तिचे सवयीचे होते.

पक्कड गुडघ्याच्या अगदी जवळ नेऊन ती थांबली. पाय जागचा हलला की तो पुन्हा जिथे ठेवला जाईल ती जागा धाकट्याची नसेल, तिची असेल. इथून पुढे पाहुणा तिच्या पावलांनी चालेल. तिने पक्कड खाली ठेवली.

मग, काय वाटलं कुणास ठाऊक, तिने संगणकाचा पडदा उघडला आणि सुरुवातीपासून बघितलं.

माणूस पलंगावर पडला होता, भिंतीकडे तोंड करून. बराच वेळ काहीच घडत नव्हतं, फक्त पाठ वरखाली होत होती. मग एक हात मागे आला आणि पलंगाची कड चाचपू लागला, जणू खाली जमीन आहे की नाही याची खात्री नव्हती. ताईने तोंडावर हात दाबला. सगळा उन्हाळा ती दाराच्या बाहेरून ही पाठ बघत होती, आणि आत काय चाललंय ते तिला आत्ता कळत होतं. सोपं आहे, मोजता येण्यासारखं आहे, असं वाटलं होतं तिला.

पाहुणा उभा राहिला, चालू लागला. आणि शेवटच्या फ्रेमला, क्षणाच्याही अंशापुरती, सगळी खोली पांढरी झळाळली. तिथेच चित्र संपलं.

ती ते टोक पुन्हा पुन्हा मागेपुढे करत राहिली. मग उठून धाकट्याच्या पलंगापाशी जमिनीवर बसली.

"मी बघितलं," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "तुझी अट मोडली."

पाठ हलली नाही. भिंतीकडूनच आवाज आला, "कसं आहे?"

ताईला खोटी स्तुती करता यायची नाही, आणि आत्ता तर तिला तसं बोलायचंही नव्हतं. "हात कड चाचपतो तिथे मला बघवेना," ती म्हणाली. "आणि एक चुकलंय. शेवटी तो पांढरा उजेड येतो ना, तेव्हा तो वर बघत नाही. मला वाटलं बघेल."

"उजेड येतोय त्याच फ्रेममध्ये कसा बघेल?" भिंतीकडचा आवाज वैतागला. "आधी उजेड येतो. मग कळतं. मग मान वळते. सहा-सात फ्रेमा तरी लागतील त्याला."

"बरं."

"आणि तो दचकणार नाही. इतके दिवस अंधारात होता. तो हळू..." आवाज थांबला. मग तो पाठीवर वळला आणि छताकडे बघत राहिला. "गुडघ्यात किती राहिलंय?"

"माहीत नाही. एकही वळण नसेल, नाहीतर वीस असतील. यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही."

"कोपरं?"

"कोपरांच्या कडाही तशाच आहेत. पण हात फार वापरले नाहीस. पुरतील. या वेळी मी लाकूड लावून तपासलंय."

"माझा काळा शर्ट कुठाय?"

त्या दुपारी तिला खोलीत बसायची परवानगी मिळाली, कोपऱ्यातल्या स्टुलावर, हलायचं नाही या बोलीवर. पाहुण्याची मान केसाकेसाने उजेड आला होता त्या बाजूला वळली. मग धाकट्याने उचललेलं पाऊल खाली घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या की चौथ्या हालचालीला अगदी बारीक आवाज झाला. पाहुणा कलला, घसरला आणि एका मांडीवर बसला.

धाकट्याचा हात बाहुल्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तो कितीतरी वेळ तसाच उभा होता. त्या वेळात तो पुन्हा पलंगावर जाईल की नाही, हे तिला त्याच्या पाठीवरून ओळखता येईना.

मग त्याने कळ दाबली.

"पडला तर पडला," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा काढायचं नाही. तुझीच अट."

त्यानंतर पाहुणा चालला नाही. कोपरांवर भार देत, निकामी पाय मागे ओढत तो जमिनीवरून सरकत राहिला. दाराशी पोचला तेव्हा दाराच्या मुठीला हात पुरेना. तेव्हा त्याने दाराखालच्या फटीत बोटं घातली आणि दार आतल्या बाजूला खेचलं. तेवढ्यावर मिनिट संपलं.

आईला दाखवायला बसवलं तेव्हा ती गडद निळी साडीच नेसून आली होती. बघताना एकदाच बोलली, "हे मध्ये काय चमकलं रे?"

"ताई आहे ती," धाकटा म्हणाला.

चित्रपट संपला तरी आई पडद्याकडे बघत होती. मग पदराने नाक पुसत म्हणाली, "एवढा सरपटत आला बिचारा. दार उघडल्यावर तरी त्याला कुणी भेटलं का?"

"मिनिट संपलं, आई," तो म्हणाला. त्याने टेबलावरचा दिवा बंद केला. इतके दिवस चालू असलेला दिवा विझल्यावर ती खोली अनोळखी दिसायला लागली, आणि तो तिथे नुसताच उभा राहिला, हात लोंबते सोडून, काय करावं हे न कळल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ताईने पाहुण्याच्या गुडघ्यातला तारेचा तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि भिंगाखाली ठेवला. तुटलेल्या तोंडावर बारीक, एकापुढे एक रेषा होत्या. तार वाकत वाकत थोडी थोडी आत चिरत गेली होती, तिच्या त्या खुणा. फार ठळक नव्हत्या. पाहुण्याचं उठून बसणं, उभं राहणं, पहिलं पाऊल, सगळं तिथे दबून बसलेलं होतं. रेषा जिथे संपत होत्या तिथे खडबडीत भाग होता, एका झटक्यात तुटलेला. रेषा कुठे थांबणार हे बाहेरून कुणालाच दिसलं नसतं. तिलाही नाही.

तिने घरी फोन लावला.

"उठलाय," आई हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे जागा आहे. चहा घेतला नाही अजून. पलंगावर बसलाय."

"बसलाय की पडलाय?"

"बसलाय."

"पाय कुठे आहेत?"

आई दारापाशी जाऊन बघून आली असावी. पावलांचा आवाज लांब गेला, परत आला.

"खाली आहेत," ती म्हणाली. "जमिनीवर."

ताई फोन कानाशी धरून उभी राहिली. दोघींनीही तो लगेच ठेवला नाही.